सोसायटीतल्या सफाई कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचाय, नेमका कसा करावा?

मांडवीपार

नमस्कार मंडळी,

आमची वसाहत पर्वरीला. चार इमारती, साठेक बिऱ्हाडं, त्यांतले बरेच फ्लॅट पर्यटकांना दिवसावारी भाड्याने दिलेले. सफाईला तीन काकी आणि एक दादा, चौघंही ठेकेदारामार्फत येतात. यंदाच्या सभेत चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी त्यांचा सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, ग्रुपवर फोटो. ठराव एकमताने झाला. मग कोणीतरी विचारलं, त्यांच्या कामाबद्दल दोन शब्द कोण बोलणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ही माणसं सकाळी सातपासून आवारात असतात, पण ‘झाडतात, पुसतात, कचरा नेतात’ यापुढे कोणाला काही सांगता येईना.

बोलायचं काम शेवटी माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी मुद्दाम बघतोय आणि त्यांनाच विचारतोय. नुसतं पावसाळ्यातलं सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जिन्याच्या उघड्या बाजूच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. त्यावर नुसतं पाणी मारलं तर पायरी आणखी निसरडी होते, म्हणून काकी पावसाची उघडीप बघून आधी तारेच्या ब्रशने ते खरवडून काढतात, मग ब्लीचिंग पावडर लावून थोडा वेळ ठेवतात आणि नंतरच धुतात. लॉबीत चपलांबरोबर आलेली तांबडी माती ओली असताना पुसली तर फरशीभर पसरते, सांधे लाल होतात. म्हणून ती सुकू द्यायची, झाडायची, आणि शेवटी ओला पोछा. आपण वरून जाताना म्हणतो, ‘अजून पुसलं नाही वाटतं.’

दादांचं तर आणखी वेगळं. पार्किंगमधल्या कुठल्या जाळीत फणसाची पानं आधी अडकतात हे त्यांना पाठ आहे. जोराचा पाऊस झाला की ते आल्या आल्या झाडू हातात न घेता त्या जाळीकडे जातात. ती तुंबली की पाणी थेट लिफ्टच्या खड्ड्यात उतरतं. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या बिलांचे आकडे आम्ही सभेत वाचून दाखवतो; ज्या दुरुस्त्या या माणसामुळे टळल्या त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मैफलीत अवघड जागा कळलेल्या श्रोत्याचीच दाद गायकाला पोचते, तसंच इथेही असावं असं मला वाटतं. म्हणून इथे विचारतोय. तुमच्यापैकी कोणी हॉस्पिटल, हॉटेल, पालिका, पंचायत अशा ठिकाणी या कामाशी जवळून संबंधित असाल, तर त्या कामात काय काय असतं ते लिहा. आणि कौतुक म्हणून त्यांना खरोखर काय उपयोगी पडेल तेही.

पेडणेकर_बाब

शाल-श्रीफळ द्या, त्यात वाईट काही नाही. पण सोबत पाकीट द्या, आणि ते चवथीच्या आठ-दहा दिवस आधी द्या. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान, मुलांचे कपडे, गावी जायचं भाडं, सगळा खर्च आधीच होतो. आदल्या संध्याकाळी मिळालेल्या पैशाचा बाजार करायला वेळ कुठे उरतो?

निवृत्त_सिस्टर

मांडवीपार, तुम्ही हा विषय काढलात म्हणून आज लिहायला बसले. माझी सगळी नोकरी सरकारी हॉस्पिटलांच्या वॉर्डांत गेली. डॉक्टरांचे आभार मानणारी पत्रं यायची, आम्हा नर्सेसना मिठाई यायची. वॉर्डातल्या सर्व्हंटबाईंसाठी वेगळं काही आलेलं मी क्वचितच पाहिलं. त्यांच्या हातात काय असतं ते लिहिते.

वॉर्डात कोरडा झाडू मारत नाहीत. झाडूने धूळ उडते, धुळीबरोबर जंतू उडतात आणि ते उघड्या जखमेवर, सलाईनच्या जोडावर बसतात. म्हणून ओलसर मॉपने धूळ टिपायची. क्रमही ठरलेला: वरून खाली आणि स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे. संडासाचा मॉप वॉर्डात आणायचा नाही, म्हणून मॉपचे रंग वेगळे. पुसायला एक बादली पुरत नाही. एकीत साबणाचं पाणी, एकीत साधं पाणी, एकीत जंतुनाशक. मॉप प्रत्येक वेळी पिळायचा आणि पाणी गढुळलं की बदलायचं. एका बादलीत वॉर्ड उरकला तर पहिल्या खाटेखालचे जंतू शेवटच्या खाटेपर्यंत पोचवल्यासारखंच होतं.

रक्त सांडलं तर सरळ फडका नाही मारायचा. हातमोजे घालून आधी त्यावर टिपकागद किंवा कापड टाकायचं, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मगच उचलायचं. ही दहा मिनिटं पाळणं सगळ्यांत कठीण असतं, कारण बाजूला नातेवाईक ‘पुसा ना लवकर’ म्हणून ओरडत असतात. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, त्या शांतपणे म्हणायच्या, ‘औषधाला त्याचं काम करू दे, मग मी माझं करते.’ नव्या इंटर्नना मी त्यांच्याकडे बघून शिका म्हणायची.

पेशंट घरी गेल्यावर किंवा दगावल्यावर त्या खाटेची जी सफाई होते, तिच्यावर पुढच्या पेशंटचं नशीब असतं. काही जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. खाटेचे दांडे, लॉकरचं हँडल, कॉलबेलचं बटण, सलाईनचा स्टँड या हात लागणाऱ्या जागा आधी बघायच्या. फरशी चकचकीत आणि बेलचं बटण चिकट असेल तर त्या खोलीला मी स्वच्छ म्हणणार नाही.

आणि कचरा. वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत रक्ता-पुवाने भरलेलं ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत नळ्या, कॅथेटर, सुई काढलेल्या सिरिंज. सुया आणि ब्लेडसाठी न टोचणारा पांढरा डबा, काचेसाठी निळा. हे वेगळं करायचं काम डॉक्टर-नर्सचं, पण घाईत एखादी सुई पिवळ्या पिशवीत गेली की ती टोचते पिशवी उचलणारीला. टोचल्यावर बोट दाबून रक्त काढत बसायचं नसतं. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधं होता होईल तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. बऱ्याच जणी ‘आपल्यालाच बोलतील’ म्हणून कळवतच नाहीत. कळवणारीला कोणी रागावणार नाही अशी हवा वॉर्डात ठेवणं मी माझं काम मानलं.

याच नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं बंधनकारक केलंय. हिपॅटायटिसचे तीन डोस: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ठेकेदाराकडचा माणूस मध्येच बदलला की तिसरा डोस राहून जातो.

आता हे तुमच्या सोसायटीला कसं लागू? तुमच्या साठ बिऱ्हाडांत निदान चार-पाच जण तरी इन्सुलिन घेत असतील. त्या सुया कुठे जातात ते विचारा. जाड प्लास्टिकची बाटली घ्यायची, सुया त्यात टाकायच्या, झाकण घट्ट लावायचं, वर ‘सुया’ लिहायचं आणि ती वेगळी द्यायची. शिवाय तुमच्या चौघांना हिपॅटायटिस बीची लस सोसायटीच्या खर्चाने द्या. शालीपेक्षा फार महाग पडत नाही.

मांडवीपार

सिस्टर, सुयांचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. आजच ग्रुपवर टाकतो. लसीचा विषय समितीपुढे ठेवतो.

फोंड्याचा_नंदू

मनापासून पडलेला प्रश्न विचारतो, राग मानू नका. बँकेतल्या कारकुनाचा, कदंब बसच्या कंडक्टरचा आपण सोसायटीत सत्कार करत नाही. त्यांनाही पगार मिळतो, यांनाही मिळतो. मग सफाई करणाऱ्यांनाच वेगळं काढून शाल घालण्यात आपण त्यांना ‘हे आपल्यातले नव्हेत’ असंच सांगत नाही का?

आबोली

नंदूबाब, प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्या घरातलं आहे.

माझी आई डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत सफाईचं काम करायची. शाळेचं नाव लिहीत नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा यायचा, तो तिलाही मिळायचा, पण तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. कोणी तिला वाईट बोललं नाही. सगळे ‘मावशी, मावशी’ करायचे. कप मात्र खिडकीतच. कारकुनाचा कप खिडकीत नसतो, कंडक्टरचा नसतो. या कामाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जात चिकटवलेली आहे. ते विसरून ‘सगळ्यांना सारखंच वागवू’ म्हणता येत नाही, कारण सुरुवातच सारखी नाही.

पुढे नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी भाषण केलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो कप आणून बाकीच्या कपांत ठेवला आणि आईला म्हणाल्या, ‘बसून प्या, इथेच.’ दुसरं म्हणजे सामान आणायच्या आधी त्या आईला विचारायच्या. फिनेल कुठलं, खराट्याचा दांडा किती लांब, मॉप जड होतो का. तोवर सामान ऑफिसातले कोणीतरी सगळ्यांत स्वस्त बघून आणायचे. आखूड दांड्याच्या झाडूने वाकून वाकून आईची कंबर कायमची दुखावली होती. लांब दांडा आला तेव्हा ती घरी येऊन आम्हाला दांडा किती उंच आहे ते हात वर करून दाखवत होती.

आई निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिचा सत्कार केला, शालही घातली. ती शाल तिने जपून ठेवलीय, तिचा तिला अभिमान आहे. तेव्हा शाल नको असं मी म्हणणार नाही. पण कोणी तिला शाळेबद्दल विचारलं तर ती त्या बाईंबद्दलच सांगते.

मांडवीपार, तुम्हाला एकच विचारते. तुमच्या तीन काकी दुपारी जेवतात कुठे? आणि त्यांना वापरायला संडास कुठला?

मांडवीपार

आबोलीताई, जेवतात पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीशेजारी, जमिनीवर कागद पसरून. संडास वॉचमनचा आहे, त्याची कडी नीट लागत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण विचारलंत म्हणून लिहितो.

किनाऱ्यालगत

मी कळंगूटच्या पट्ट्यात हॉटेलात हाऊसकीपिंग सुपरवायझर आहे. सिस्टरांनी लिहिलेलं वाचून आमच्याकडच्या मुलींना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘आमचं पण लिहा.’

सीझनमध्ये एकेका मुलीकडे पाळीला बारा-चौदा खोल्या असतात. अकराला पाहुणा खोली सोडतो, दोनला नवा येतो. मधल्या वेळात चादरी बदलायच्या, बाथरूम कोरडं करायचं, वाळू काढायची. वाळू हा आमचा रोजचा शत्रू. ती पाण्याने ओढून बाथरूमच्या जाळीत घातली की पाइप भरतो, म्हणून आधी कोरडीच गोळा करायची. गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या खाचेत, पडद्याच्या खालच्या दुमडीत ती असतेच. डबल बेडची गादी एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने चादर खोचायची, हे दिवसभर. पाठ आणि मनगटं यातच जातात.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसेल. पांढऱ्या टॉवेलवर, चादरींवर नारिंगी डाग दिसतात. पाहुण्यांना वाटतं धुतलेलं नाही. ते सनस्क्रीनचे असतात. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अव्होबेंझोन असतं, त्याचा धुण्याच्या पाण्यातल्या लोखंडाशी संयोग झाला की गंजासारखा रंग येतो. इथल्या कितीतरी विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह आहे. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग पक्का होतो. आमच्या लाँड्रीतला जुना माणूस आधी बोटाने चोळून डाग तेलकट आहे का बघतो, त्याप्रमाणे साबण लावतो, आणि गंजाचा असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी हातमोजे घालून. हे त्याला कुठल्या कोर्सने शिकवलेलं नाही.

पाहुण्यांनी काय करावं? खोलीवर टिप ठेवायची असेल तर रोज ठेवा, कारण रोज तीच मुलगी येते असं नाही. शेवटच्या दिवशी ठेवलेले पैसे शेवटच्या दिवशी आलेलीला मिळतात. आणि नाव विचारून मॅनेजरला दोन ओळी लिहून द्या. आमच्याकडे अशी चिठ्ठी फाइलला लागते आणि पगारवाढीच्या वेळी ती समोर ठेवून बोलता येतं. तोंडी ‘थँक यू’ ऐकून मुलींना आनंद होतो, पण तो फाइलला लावता येत नाही.

मांडवीपार, तुम्हीही सत्कार कराल तेव्हा प्रत्येकीला सोसायटीच्या कागदावर सही-शिक्क्याचं पत्र द्या. कधीपासून काम करते, काय काय येतं, कामाबद्दल समितीचं मत काय. उद्या ठेकेदार बदलला तर दुसरीकडे काम मागताना ते पत्र दाखवता येईल.

सत्तरीची_सून

किनाऱ्यालगत, पत्राची कल्पना फार आवडली. आमच्या ऑफिसात करून बघते.

कुळागर

मी पंचायतीच्या कचरा समितीवर आहे. घरोघर कचरा उचलणाऱ्यांबद्दल लिहितो.

साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ साली सुरू झाला तेव्हा दिवसाला १०० टनांचा होता, पुढे २५० टनांपर्यंत वाढवला. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो, त्यातून वीज. वाचायला छान वाटतं. पण ते पहिल्या दिवसापासून अवलंबून आहे ते आपल्या दारात पिशवी उचलणाऱ्या माणसावर आणि आपण त्या पिशवीत काय घातलंय यावर. पणजीत पालिकेने कचऱ्याचं १६ प्रकारांत वर्गीकरण करून दाखवलं, देशभर त्याचं नाव झालं. ते सोळा प्रकार शेवटी माणसांचेच हात करतात. वर्गीकरण न करता साठवत राहिलं की काय होतं ते आपण मडगावच्या कचरा डेपोत, सोनसड्याला, पाहिलंय. २०१९च्या मे महिन्यात तिथे आग लागली, मडगावकरांनी दिवसच्या दिवस धूर खाल्ला आणि त्या धुरात उभं राहून काम करणारी माणसंही होतीच.

रोजच्या त्रासाच्या गोष्टी सांगतो. पहिली, फुटलेल्या बाटल्या. गोव्यात बाटल्यांना तोटा नाही. फुटकी काच वर्तमानपत्रात जाड गुंडाळून, दोरीने बांधून, वर ‘काच’ लिहून द्या. कचरा उचलणाऱ्या मुलांच्या पंजावर मी टाके पाहिलेत. दुसरी, सॅनिटरी पॅड आणि डायपर. घनकचरा नियमांत ते गुंडाळून वेगळे द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय. उघडे दिले तर दुसऱ्या माणसाला ते हाताने बाजूला काढावे लागतात. तिसरी, मासळी. सुंगटांची (कोळंबीची) सालं, माशाची खवलं ओल्या कचऱ्यात चालतात, पण रात्रभर दाराबाहेर ठेवू नका. कुत्री पिशवी फाडतात आणि सकाळी पसारा काकी गोळा करतात. सालं फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढणारी घरं आमच्या वाड्यावर आहेत. तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपा आणि नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) मात्र ओल्यात घालू नका, ती कुजायला फार वेळ लागतो. आमचे लोक शिंपा झाडांच्या बुंध्यात घालतात.

चवथीनंतरचा आठवडा सगळ्यांत जड. माटोळीची फळं-पानं, निर्माल्य, मखराचं थर्माकोल, फटाक्यांचे कागद, सगळं एकाच पिशवीत येतं. माटोळीची सुतळी आणि तार सोडवून दिली तरी अर्धं काम हलकं होतं.

आणि पर्यटकांच्या फ्लॅटांबद्दल. मांडवीपार, दिवसावारी भाड्याच्या घरांतला कचरा कोण वेगळा करतं? आमच्या अनुभवात कोणीच नाही. पाहुणा विमानतळावर जाताना सगळं एका पिशवीत भरून जिन्याखाली ठेवतो. मालक पुण्या-दिल्लीला. ती पिशवी तुमच्या काकी उघडतात. त्या कामाचे वेगळे पैसे मालकांकडून घ्या आणि ते काकींना द्या.

फोंड्याचा_नंदू

आबोलीताई, तुमचं उत्तर पटलं. कुळागर म्हणतात ते आमच्याकडेही तंतोतंत.

हिशेबनीस

पगाराकडे वळतो, कारण त्याशिवाय बाकीचं अधुरं आहे.

ठेकेदाराला सोसायटी जी रक्कम देते आणि बाईच्या हातात जी पडते, त्यात किती अंतर आहे ते समितीने विचारलं पाहिजे. दर महिन्याच्या बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) भरल्याचं चलन मागा. चलनाच्या यादीत या चौघांची नावं आहेत का बघा. त्यांच्या मोबाइलवर पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, चालू करून द्या, म्हणजे पासबुक त्यांचं त्यांना बघता येईल. तरुण मुलांनी हे एका दुपारी बसून करून देण्यासारखं आहे.

ईएसआय म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत नसतं. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना त्या कायद्याखाली येत असेल तर कर्मचाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्का कापतात आणि मालक ३.२५ टक्के घालतो. त्यावर कुटुंबासकट उपचार होतात. मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कार्डच काढलेलं नसेल तर ताप आला की बाई अंगावर काढते, कारण खाडा म्हणजे रोज बुडाला.

पाचशे रुपये महिना प्रत्येक घरामागे जास्त आले तर काय होईल याचं गणित सभेत मांडा. साठ घरांचे तीस हजार होतात. चौघांच्या पगारात त्याने खरा फरक पडतो. सत्काराच्या दिवशी अध्यक्षांनी हे जाहीर केलं तर त्याहून चांगलं भाषण नाही.

पेडणेकर_बाब

हिशेबनीस, पाचशे म्हटल्यावर सभेत अर्धे उठून जातील. दोनशेपासून सुरू करा.

हिशेबनीस

दोनशे तर दोनशे. पण लेखी, दर महिन्याला, आणि थेट त्यांच्या खात्यात जाईल असं.

दगडगेरू

सिव्हिल इंजिनियर आहे, एकाच गोष्टीसाठी लिहितो. पर्वरीच्या बऱ्याच वसाहतींसारखी तुमची सेप्टिक टँक असेल तर ती साफ करताना कोणालाही आत उतरू देऊ नका. ‘जरा आत बघ’ असं दादांना कोणीही कधीही म्हणायचं नाही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच जाते. वास थांबला म्हणजे हवा सुटली असं समजून माणूस उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना २०१४ मध्ये १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख भरपाई ठरवली. पैशाने माणूस येत नाही. सक्शन टँकर बोलवा, झाकण उघडून बराच वेळ दूर उभे राहा, काम यंत्रानेच होऊ द्या.

निवृत्त_सिस्टर

दगडगेरूंना जोडून एक. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, करू देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. ‘जास्त स्वच्छ होतं’ म्हणून बंद बाथरूममध्ये दोन्ही ओतून गुदमरलेल्या बाया मी पाहिल्यात. बाटल्यांवर चित्रं चिकटवा, कारण लेबल इंग्रजीत असतं आणि तुमच्या काकींपैकी सगळ्यांना ते वाचता येईलच असं नाही.

सत्तरीची_सून

दिवस कुठला धरणार? चवथ ठीकच आहे. पण १५ जून हा दिवस जगात बऱ्याच ठिकाणी सफाई कामगारांसाठी पाळतात. १९९० साली त्या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये संपावरच्या सफाई कामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या, त्याची आठवण म्हणून. आपल्याकडे गाडगेबाबांचा पुण्यदिन २० डिसेंबरला असतो. माणसांनी सकाळी गाव झाडावं आणि संध्याकाळी कीर्तन ऐकावं असा त्यांचा शिरस्ता. वर्षाकाठी एक सकाळ सोसायटीतल्या लोकांनीच जिने झाडले आणि काकींना सुट्टी दिली तर?

आबोली

सुट्टी पगारी असेल तर मी लगेच हो म्हणेन. आणि जिने त्या सांगतील त्या पद्धतीने झाडायचे, वरून खाली.

मांडवीपार

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. काल समितीची बैठक झाली. हा धागा मी छापून नेला होता आणि सिस्टर, आबोलीताई, कुळागर यांचं लिखाण वाचून दाखवलं. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एकदम सगळे बोलायला लागले.

ठरलं ते असं. पाकीट चवथीच्या दहा दिवस आधी. पत्रं तयार होताहेत, त्यात मी दादांच्या जाळीबद्दल आणि काकींच्या शेवाळ काढायच्या पद्धतीबद्दल लिहिलंय. लस सोसायटीच्या खर्चाने, तिन्ही डोसांच्या तारखा सेक्रेटरींच्या कॅलेंडरवर. भाड्याच्या फ्लॅटांच्या मालकांना नोटीस गेली, त्यांच्याकडून महिना वेगळी रक्कम. ठेकेदाराकडे चलनं मागितली, त्याने पुढच्या आठवड्यात देतो म्हटलंय. मी पाठपुरावा करणार. दोनशे रुपयांवर मात्र एकमत झालं नाही. सात जण विरोधात आहेत. तो विषय पुढच्या सभेत पुन्हा आणू, आणि हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तसं लेखी गणित घेऊनच.

सत्कारात बोलायला मी काकींपैकी सगळ्यांत मोठ्या आहेत त्यांनाच विचारलं, तुम्ही बोलाल का? आधी नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाल्या, ‘लिफ्टमध्ये लोक पानाच्या पिचकाऱ्या मारतात, ते बोलू का?’ मी म्हटलं, तेच बोला.

एक अडलंय. बसायला खोली हवी. जिन्याखालची जागा रिकामी आहे, आठ बाय सहा. ती केली तर चालेल का? दगडगेरू, सांगाल का?

दगडगेरू

जिन्याखाली नको. खिडकी नसते, पावसात भिंतींना ओल येते आणि मीटरपॅनल जवळ असेल तर धोकाही. वॉचमनची जुनी केबिन किंवा कंपाउंडला लागून जागा असेल तर बघा. दोन खिडक्या, पंखा, चार जणांचं बाक, कपडे बदलायला आडोसा, कुलपाची चार कपाटं, प्यायच्या पाण्याचा नळ. संडास लागूनच घ्या, म्हणजे पाइपचा खर्च वाचतो, आणि कडी आतून नीट लागेल अशी. मी म्हापशालाच असतो. जागेची मापं पाठवा, नकाशा काढून देतो. फी नको.